हद्दीपलीकडे जाताना

भोकरदन तालुक्यातील हसनाबाद हे आज जालना जिल्ह्यातील गाव आहे. गावाचा हा सरकारी पत्ता गेल्या ऐंशी वर्षांत अनेकदा बदलला. १९४७ साली हा मुलूख हैदराबाद संस्थानाच्या औरंगाबाद जिल्ह्यात मोडत होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १ मे १९८१ रोजी नव्याने झालेल्या जालना जिल्ह्यात. गाव जागचे हलले नाही. बदलल्या त्या राजवटी. संस्थानी काळात भोकरदनहून धाडच्या दिशेने निघालेला माणूस एका दिवसाच्या पायपिटीत निजामाचे राज्य सोडून वऱ्हाडात पोहोचत असे. तीच बोली, तीच काळी माती, तेच सणवार; फक्त हद्दीच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा. राजवटीला कंटाळून मुलूख सोडणे म्हणजे काय, हे ज्या भूमीने प्रत्यक्ष अनुभवले, त्या भूमीत उभे राहून आजच्या एका प्रश्नाचा विचार केला पाहिजे.

तो प्रश्न नागरिकत्व सोडणाऱ्यांचा आहे. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०११ ते २०२२ या बारा वर्षांत सोळा लाखांहून अधिक भारतीयांनी आपले नागरिकत्व सोडले. एकट्या २०२२ मध्ये ही संख्या २,२५,६२० होती. २०२३ मध्ये २,१६,२१९ आणि २०२४ मध्ये २,०६,३७८ जणांनी हाच मार्ग पत्करला. यातील बहुतेकांची कारणे वैयक्तिक आहेत: नोकरी, मुलांचे शिक्षण, परदेशात जन्मलेल्या अपत्यांसोबत एकाच पारपत्रावर राहण्याची सोय. पोटासाठी आणि विद्येसाठी दूर जाणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. मराठी माणूस अटकेपार गेला, तंजावरला गेला, मॉरिशसला गेला. तो जिथे गेला तिथे त्याने देऊळ बांधले, गणपती बसवला, मुलांना मराठी शिकवली. अशा स्थलांतराने समाज दरिद्री होत नाही, उलट त्याचा पैस वाढतो.

चिंतेचा विषय निराळा आहे. सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांत एक वाक्य आताशा सहज ऐकू येते: "या देशाचे काही खरे नाही, मुलांनो, बाहेर पडा." हे वाक्य उच्चारणाऱ्यांना पक्षाचे बंधन नाही. कोणाला आरक्षणाचा राग आहे, कोणाला भ्रष्टाचाराचा. कोणाला दिल्लीतील आजचे सरकार नकोसे वाटते, तर कोणाला कालचे नकोसे होते. कन्नड साहित्यिक यू. आर. अनंतमूर्ती यांनी २०१३ मध्ये, नरेंद्र मोदी पंतप्रधान झाले तर अशा देशात राहण्याची आपली इच्छा नाही, असे म्हटले आणि मोठे वादळ उठले. ते उद्गार भावनेच्या भरात निघाले, असे त्यांनी पुढे स्पष्ट केले. २०१४ मध्ये बंगळुरूतच त्यांचा देह पडला. जी भावना एका विख्यात लेखकाने जाहीरपणे बोलून दाखवली, तीच अनेक सामान्य घरांत उलट्या बाजूने, वेगळ्या कारणासाठी, पण त्याच शब्दांत बोलली जाते. शासनाविषयीची नाराजी हे देशाचा त्याग करण्याचे पुरेसे कारण ठरते काय, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर मराठवाड्याच्या इतिहासात आहे. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या संस्थानात मराठी भाषकांचे पाच जिल्हे होते. १९२९ च्या त्रेपन्न क्रमांकाच्या 'गश्ती'नुसार पूर्वपरवानगीवाचून राजकीय सभा घेता येत नव्हती. उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले. १९३७ मध्ये परतूर येथे, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातच, महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली. १९३८ च्या अखेरीस औरंगाबाद, हैदराबाद आणि अन्य ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या हक्कासाठी संप केला. त्यांना वसतिगृहांतून आणि महाविद्यालयांतून काढून टाकण्यात आले. तेव्हा नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांसाठी आपल्या विद्यापीठाचे दरवाजे उघडले. पुढे १९९१ मध्ये पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही याच चळवळीत पोळलेले आणि संस्थानाबाहेर पडून नागपूरला कायद्याचे शिक्षण घेतलेले.

१९४७-४८ मध्ये तर परिस्थिती आणखी बिकट झाली. रझाकारांच्या अत्याचारांना भिऊन हजारो कुटुंबांनी घरदार सोडून सोलापूर, नगर, खानदेश, वऱ्हाड असा मिळेल तिथे आसरा घेतला. स्वामी रामानंद तीर्थांसारखे नेते तुरुंगात गेले. उरलेल्या कार्यकर्त्यांनी मनमाड, बार्शी, सोलापूर, उमरखेड अशा ठिकाणी संस्थानाच्या हद्दीबाहेर आपली केंद्रे उभी केली. हे सारे लोक एका अर्थाने परागंदा झाले होते. ज्या राज्याचे ते प्रजाजन होते त्या राज्याचा हुकूम त्यांनी नाकारला होता. पण त्यांपैकी बहुतेकांच्या मनात एक गोष्ट पक्की होती: हद्द ओलांडायची ती परत येण्यासाठी. सप्टेंबर १९४८ च्या पाच दिवसांत भारतीय सैन्याने संस्थान मुक्त केले. त्यानंतर छावण्या उठल्या आणि माणसे आपापल्या गावी परतली. कोणाचे घर जळाले होते, कोणाचे बैल गेले होते. तरीही ती परतली, कारण त्यांचा राग निजामी राजवटीवर होता. गावावर, शेतावर, शेजाऱ्यापाजाऱ्यांवर नव्हता.

या फरकातच साऱ्या विवेचनाचे मर्म आहे. राजवट वेगळी आणि राष्ट्र वेगळे. राजवटी येतात आणि जातात; राष्ट्र हे त्यांच्याहून पुरातन आणि त्यांच्यानंतरही उरणारे असते. शिवाय मराठवाड्याच्या त्या पिढीने राज्याचा हुकूम धुडकावला तेव्हा तिच्या हाती दुसरे साधनच नव्हते. निजामाला घरी पाठवणारे मत कोणाजवळ होते? ते साधन हाती आले १९५२ साली, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. ज्या स्वामीजींना निजामाने तुरुंगात डांबले, तेच १९५७ मध्ये औरंगाबादमधून लोकसभेवर निवडून गेले. आजच्या असंतुष्ट नागरिकाच्या हाती ते मत आहे. साधन हाती असताना ते टाकून निघून जाणे आणि साधनच नाही म्हणून हद्द ओलांडणे, या दोहोंना एका तागडीत तोलता येणार नाही.

त्याच मराठवाड्यात विरुद्ध बाजूचेही उदाहरण सापडते. लातूरला वकिली करणारा रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. १९७० मध्ये कराचीत त्याचा अंत झाला. त्याला नवी व्यवस्था मान्य नव्हती आणि ज्यांच्या नावाने त्याने तलवार उपसली होती, त्यांना मागे ठेवून तो गेला. मराठवाड्यातील लाखो मुसलमान मात्र आपली शेती, आपला व्यवसाय आणि आपल्या पूर्वजांच्या कबरी सोडून गेले नाहीत. पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत काही भागांत निरपराधांनाही सूडाची झळ बसली, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी ते राहिले, त्यांनी मतदान केले, आपल्या तक्रारी इथल्याच न्यायालयांत आणि इथल्याच विधिमंडळात मांडल्या. या देशाचे नागरिकत्व म्हणजे काय, याचा हा धडा कोणत्याही व्याख्यानाहून मोठा आहे.

परकीय सत्तेच्या काळात देश सोडावा लागलेल्यांची कहाणीही लक्षात घेण्यासारखी आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे १९०६ च्या सुमारास क्रांतिकार्याच्या ओढीने देशाबाहेर पडले, अमेरिकेत गदर चळवळीच्या उभारणीत सहभागी झाले आणि अखेर मेक्सिकोत स्थिरावले. तेथे शेतकी शिक्षणात आणि मक्याच्या संशोधनात त्यांनी असे नाव कमावले, की दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. मानमरातब, संसार, मित्र सारे तिकडेच होते. तरीही देश स्वतंत्र झाल्यावर ते परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात त्यांनी अखेरचा श्वास घेतला. पेशावरचे वैष्णोदास बगाई यांच्या नशिबी परत येणेही नव्हते. इंग्रजांचे प्रजाजन म्हणवून घेणे नको म्हणून ते १९१५ मध्ये सहकुटुंब अमेरिकेत गेले आणि १९२१ मध्ये तेथील नागरिक झाले. १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीय हे 'गोरे' नाहीत, म्हणून त्यांना नागरिकत्वाचा अधिकार नाही, असा निर्णय दिला आणि बगाईंचे नागरिकत्व हिरावले गेले. १९२८ मध्ये या स्वाभिमानी माणसाने आत्महत्या केली. तो काळ गेला, तो कायदाही गेला. पण परक्या घरात मिळालेली जागा यजमानाच्या मर्जीवर अवलंबून असते, ही जाणीव ज्याने त्याने आपल्या मनाशी ठेवावी.

स्वतंत्र भारतातही असा कसोटीचा क्षण आला होता. १९७५ मध्ये आणीबाणी लादली गेली, तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य कार्यकर्ते येरवडा, नाशिक येथील तुरुंगांत गेले. घरची मिळकत थांबली, मुलांच्या शाळा अडल्या, पण देश सोडण्याचा विचार त्या घरांना शिवला नाही. ज्यांना अटक टाळण्यासाठी परदेशी जावे लागले, त्यांचेही लक्ष इकडेच होते. मुंबईचे नामवंत वकील राम जेठमलानी अमेरिकेच्या आश्रयाला गेले, तिथून आणीबाणीविरुद्ध बोलत राहिले आणि १९७७ मध्ये परतून त्यांनी वायव्य मुंबईतून आणीबाणीच्या काळातील कायदामंत्री ह. रा. गोखले यांचा पराभव केला. हद्दीपलीकडे जाऊन हद्दीअलीकडचे उत्तर मतपेटीतून देणे याला म्हणतात.

याउलट पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचे प्रकरण आठवावे. हिंदू देवतांच्या त्यांच्या चित्रांनी कोट्यवधी श्रद्धाळू दुखावले, हे सत्य आहे. त्या चित्रांना सनदशीर मार्गाने आक्षेप घेण्याचा अधिकार समाजाला होता. प्रदर्शनांची मोडतोड करण्याचा आणि वृद्ध कलावंताला धमकावण्याचा अधिकार मात्र कोणालाही नव्हता. त्यामुळे मूळ आक्षेपाचे बळ कमीच झाले. २००६ मध्ये हुसेन देशाबाहेर गेले. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो बदलला नाही. देशाची न्यायव्यवस्था पाठीशी उभी असतानाही २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व स्वीकारले. निवडणुकीने सरकार बदलण्याची सोय ज्या देशात नाही, राजघराण्यावर टीका करण्याची मुभा ज्या देशात नाही, तेथे त्यांनी आसरा घेतला. २०११ मध्ये लंडनला ते निवर्तले. जाणाऱ्याने आपल्याच देशातील न्यायावर विश्वास ठेवला नाही, आणि मागे राहिलेल्यांनी त्याला तो विश्वास वाटावा असे वातावरण ठेवले नाही. या प्रकरणात जिंकले कोण?

आता कायद्याची बाजू पाहावी, कारण रागाच्या भरात तिचा विचार क्वचितच होतो. भारतीय संविधान दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते आणि पारपत्र परत करावे लागते. २००६ पासून मिळू लागलेल्या ओसीआय कार्डाच्या नावात 'नागरिक' हा शब्द असला, तरी ते नागरिकत्व नव्हे. ते येण्याजाण्याची मुभा देते, मताचा अधिकार देत नाही. त्याच्या बळावर निवडणूक लढवता येत नाही. त्याच्या बळावर शेतजमीनही विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन वारशाने मिळू शकते, इतकेच. म्हणजे हसनाबादच्या शेतकऱ्याचा मुलगा परदेशाचा नागरिक झाला, तर बापाने राखलेले शेत त्याला मिळेल, पण बांधाला लागून विक्रीस निघालेला एक एकर तो आपल्या पैशांनी घेऊ शकणार नाही. मातीशी असलेले नाते कायद्याच्या भाषेत कसे तुटते, हे यावरून कळावे.

याहून गंभीर बाब लहान मुलांची आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या आठव्या कलमानुसार प्रौढ नागरिकाने नागरिकत्वाचा त्याग केला, की त्याच्या अज्ञान अपत्याचेही नागरिकत्व जाते. सज्ञान झाल्यापासून एका वर्षाच्या आत त्या अपत्याला ते परत मागता येते, अशी तरतूद मात्र कायद्याने ठेवली आहे. आईबापांच्या रागाची किंमत मुलाने आयुष्यभर मोजू नये, इतका विवेक कायद्याने दाखवला. आईबापांनी तो दाखवू नये काय? आणि ज्याला परदेशात राहूनही या देशाच्या कारभाराविषयी बोलायचे आहे, त्याला मार्ग मोकळा आहे. २०११ पासून भारतीय पारपत्रधारक अनिवासी नागरिक आपल्या मूळ मतदारसंघात नाव नोंदवू शकतो आणि गावी येऊन मत देऊ शकतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अशा मतदारांची नोंद १,१९,००० च्या वर होती. प्रत्यक्ष मतदानाला आले ते ३,००० हूनही कमी, आणि त्यातील बहुतेक केरळचे. देशाच्या स्थितीबद्दल दूरवरून हळहळणाऱ्या मराठी घरांनी या आकड्यांसमोर क्षणभर थांबावे.

परंतु हे सारे जाणाऱ्यांनाच ऐकवून भागणार नाही. सरकारवर टीका करणाऱ्याला "मग देश सोडून चालते व्हा" असे सुनावण्याची खोड काही उत्साही मंडळींना जडली आहे. देशभक्तीच्या नावाने उच्चारले जाणारे हे वाक्य वास्तविक देशहिताला बाधक आहे. देश सत्तेवर बसलेल्यांचा आणि इतर सारे त्यांचे भाडेकरू, हा विचार निजामाला शोभत होता. स्वतंत्र राष्ट्रात घर सर्वांचे असते. भांडणारा भाऊही घरातलाच असतो. ज्यांच्या पूर्वसूरींना आणीबाणीत देशद्रोही ठरवले गेले, त्यांनी तरी ही भाषा उचलू नये.

मागे राहणाऱ्यांचे दुसरे कर्तव्य याहून कठीण आहे. माणूस केवळ पैशासाठी जात नाही. अनेकदा तो अपमानाला कंटाळून जातो. तहसील कचेरीत एका उताऱ्यासाठी माराव्या लागणाऱ्या चकरा, परीक्षेच्या आदल्या रात्री फुटणारी प्रश्नपत्रिका, कोर्टात पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळणारा बांधाचा दावा, पैशाने आणि जातीने ठरणारी उमेदवारी यांतून देशावरचा विश्वास थेंबाथेंबाने झिरपून जातो. नागरिकत्वाचा त्याग वकिलातीच्या खिडकीशी पूर्ण होतो, पण त्याची सुरुवात अशा कचेरीच्या बाकड्यावर झालेली असते. ते बाकडे सुधारणे हे राष्ट्रकार्यच आहे, आणि त्यासाठी कोणत्याही पारपत्राची गरज लागत नाही.

जालना जिल्ह्याने हे राहून लढणे नव्या काळातही दाखवले आहे. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी या लहानशा गावातील उपोषणाने साऱ्या राज्याचे लक्ष वेधले. त्या मागणीला प्रतिवाद करणारे उपोषणही पुढच्या वर्षी याच तालुक्यात झाले. कोणाची मागणी कितपत योग्य, याविषयी मतभेद असतील आणि ते असावेत. पण दोन्ही बाजूंनी राग मांडला तो इथल्याच मांडवात, इथल्याच सरकारपुढे. याच जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी निजामी राजवटीविरुद्ध तुरुंगवास सोसला आणि १९६४ मध्ये बियाणांचा उद्योग उभारला. त्यातून जालन्याचे नाव देशभरातील शेतकऱ्यांच्या तोंडी झाले आणि १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कारही आला. राजवटीवरचा राग आणि मातीवरची निष्ठा एकाच माणसात कशी नांदू शकते, याचे हे जवळचे उदाहरण.

म्हणून ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी परदेशी निघाली असेल, त्या घराने आनंदाने निरोप द्यावा. विद्या मिळवावी, धन मिळवावे, जगाचा अनुभव घ्यावा. केवळ एवढेच विचारून पाहावे, की जाणारे पाऊल कशासाठी उचलले जात आहे: काही मिळवण्यासाठी, की कोणावर रुसून? मिळवण्यासाठी गेलेला परतण्याची वाट मोकळी ठेवतो. रुसून गेलेला मात्र, ज्यांच्यावर रुसला त्यांच्याच हाती घराची किल्ली देऊन जातो. दर वर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्याच्या गावोगावी तिरंगा फडकतो, तसा तो हसनाबादच्या शाळेतही फडकतो. त्या दिवशी आठवण निघावी ती हद्द ओलांडलेल्या माणसांची, आणि त्याहून अधिक त्यांच्या परतण्याची. त्यांच्याजवळ पारपत्र नव्हते, मत नव्हते, कित्येकांच्या घरावर छप्परही उरले नव्हते. गाव आपले आहे, एवढी खात्री मात्र होती. आजच्या पिढीजवळ बाकी सारे आहे. तेवढी खात्री तिने हरवू नये.